एवढ्या ठिकाणी चकतीच का?

चौकसपंत (धागाकर्ता)

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस छळतोय, म्हणून धागा काढतो.

चेंडूसारखा गोल आकार का होतो हे समजतं. पाण्याचा थेंब गोल, कारण पृष्ठताण सगळीकडून सारखा आवळतो. ग्रह-तारे गोल, कारण गुरुत्वाकर्षण सगळ्या दिशांनी मध्याकडे ओढतं. कुठल्याच दिशेला झुकतं माप नाही, म्हणून चेंडू. चकतीचं तसं नाही. दोन दिशांना ऐसपैस आणि तिसऱ्या दिशेला अगदी चिमूटभर. असा आकार आपोआप व्हायचा तर कोणीतरी एका दिशेशी दुजाभाव केलाच पाहिजे.

आणि तरी जिकडे बघावं तिकडे चकती. तांबडी रक्तपेशी, मणक्यांमधली गादी, शनीची कडी, आपली आकाशगंगा, कृष्णविवराभोवतीचा तप्त वायू, ग्रामोफोनची तबकडी, सीडी, हार्डडिस्क, गाडीचा डिस्क ब्रेक. या सगळ्यांमागे एकच कारण आहे, की प्रत्येकाचं वेगळं? ‘निसर्गाला गोलाकार प्रिय आहे’ छाप उत्तरं कृपया नकोत. यंत्रणा सांगा.

झोपाळू

गटाराचं झाकण गोल असतं कारण ते कसंही फिरवलं तरी आत पडत नाही. धागा संपला. शुभ रात्री.

तारांगणी

धागा उत्तम. आकाशातल्या चकत्यांपुरतं मी लिहितो, कारण तिथला दुजाभाव कोण करतो हे चांगलं माहीत आहे.

वायू आणि धुळीचा एखादा प्रचंड ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आक्रसायला लागला असं धरा. ढगात निरनिराळ्या गती असतात, पण त्या सगळ्यांची बेरीज क्वचितच शून्य येते. थोडीशी गिरकी उरतेच. ढग लहान होत जातो तशी ती वाढते, कारण कोनीय संवेग (वस्तुमान, फिरण्याचा वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार) जपला जातो. आता ज्या अक्षाभोवती गिरकी आहे, त्या अक्षाला समांतर पडणाऱ्या पदार्थाला अडवणारं काहीच नाही. वरून येणारा खाली येतो, खालून येणारा वर येतो, मधल्या प्रतलात दोघांची टक्कर होते आणि उभ्या दिशेची गती उष्णता होऊन निघून जाते. आडव्या दिशेने मध्याकडे पडायला मात्र गिरकी आड येते. एका दिशेला कोसळणं फुकट, उरलेल्या दोन दिशांना महाग. झाली चकती.

सूर्यमाला अशा फिरत्या तेजोमेघातून बनली असावी ही कल्पना कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये मांडली. दोघांकडे पुरावा म्हणून फार तर एवढंच होतं की सगळे ग्रह जवळपास एकाच प्रतलात आणि एकाच दिशेने फिरतात. प्रत्यक्ष चित्र मिळायला २०१४ साल उजाडलं. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने वृषभ तारकासमूहातल्या, सुमारे ४५० प्रकाशवर्षं दूर असलेल्या एचएल टाउरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची चकती टिपली. तिच्यात एकात एक कडी आणि मध्ये काळ्या फटी इतक्या स्पष्ट होत्या की अनेकांना ते चित्रकाराने काढलेलं वाटलं. पुढे २०१८ मध्ये पीडीएस ७० नावाच्या ताऱ्याच्या चकतीतल्या मोकळ्या जागेत खुद्द ग्रहच दिसला. पुढच्या वर्षी आणखी एक. मला विचाराल तर गेल्या काही दशकांतली ही सर्वांत देखणी खगोलीय निरीक्षणं.

शंकासुर

तारांगणी, थांबा. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते, म्हणून ढग पसरून चपटा होतो, असं शाळेत शिकलोय. तुम्ही म्हणता उलटंच होतं?

तारांगणी

शाळेतलं ते स्पष्टीकरण पृथ्वीच्या विषुववृत्ताजवळच्या फुगवट्याला ठीक आहे. तो फुगवटा इतका किरकोळ आहे की विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासापेक्षा फक्त ४३ किलोमीटरने जास्त भरतो. ढगाच्या बाबतीत बाहेर काहीच फेकलं जात नाही. सगळंच आत येतंय, पण वरखाली जास्त आणि आडवं कमी. फरक बारीक वाटेल, पण महत्त्वाचा आहे.

आणि यात एक अट लपलेली आहे. टक्कर झाली पाहिजे आणि ऊर्जा गमावता आली पाहिजे. ज्याला ऊर्जा गमावता येत नाही त्याची चकती होत नाही. आपल्या आकाशगंगेचंच बघा. ताऱ्यांची चकती साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि जेमतेम हजारभर प्रकाशवर्षं जाड. पण तिच्याभोवती कृष्णपदार्थाचं (प्रकाश न देणाऱ्या, न दिसणाऱ्या पदार्थाचं) जे आवरण आहे ते चकती नाही, फुगीर गोळ्यासारखं आहे. कृष्णपदार्थाचे कण एकमेकांवर आदळून उष्णता सोडत नाहीत, नुसते आरपार जातात. त्यामुळे वरून खाली पडलेला कण तितकाच पुन्हा वर जातो. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी या आपल्या आकाशगंगेसारख्याच दीर्घिकेच्या फिरण्याची मोजमापं छापली, तेव्हा चकतीच्या कडेचे भागही अपेक्षेपेक्षा बरेच वेगात फिरताना दिसले. दिसणाऱ्या चकतीच्या वस्तुमानातून तो वेग निघत नव्हता; न दिसणारा पदार्थ मानायचं हे एक कारण.

शनीच्या कड्यांनाही हीच अट लागू आहे. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटरच्या घरात आणि जाडी कित्येक ठिकाणी १० मीटरच्या आसपास. बर्फाचे तुकडे एकमेकांना हळूच घासत राहतात, त्यात वरखाली उसळी मारणाऱ्याची उसळी जिरते. कडी अखंड घन असती तर टिकलीच नसती, हे मॅक्सवेलने १८५९ मध्ये छापलेल्या निबंधात गणिताने दाखवून दिलं होतं. १८९५ मध्ये कीलर या खगोलज्ञाने कड्यांच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, तर आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगात फिरताना सापडला. एकसंध तबकडीत हे शक्य नाही, तिथे कडेचा वेग जास्त असतो.

शंकासुर

पटलं. पण मग पुढचा प्रश्न. कोनीय संवेग जपला जातो, तर चकतीतला वायू ताऱ्यात किंवा कृष्णविवरात पडतो तरी कसा? आयुष्यभर गोल गोल फिरतच राहायला हवा.

तारांगणी

शंकासुर, तुमचं नाव सार्थ आहे. नेमका इथेच हा विषय वर्षानुवर्षं अडकला होता.

उत्तर असं की आत जाणारा स्वतःचा संवेग बाहेरच्याला देऊन टाकतो. थोडासा पदार्थ सगळा संवेग घेऊन बाहेर सरकतो, उरलेला आत पडतो. आपल्या सूर्यमालेत या वाटणीची खूण अजून दिसते. ९९.८ टक्के वस्तुमान सूर्यात, पण कोनीय संवेगाचा बहुतेक वाटा ग्रहांकडे, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या गुरूकडे. पण देवाणघेवाण करायला शेजारच्या थरांमध्ये काहीतरी चिकटपणा हवा, आणि साध्या वायूचा चिकटपणा त्या मानाने नगण्य असतो. १९७३ मध्ये शाकुरा आणि सुन्याएव यांनी ‘चिकटपणा कुठून येतो ते तूर्त सोडा, तो किती हे एका आकड्यात मांडू’ म्हणून अल्फा नावाचा आकडा धरला आणि गणित पुढे नेलं. मला ही युक्ती फार आवडते. अडलेलं कुलूप तिथेच ठेवून बाकीचं घर झाडून घेतलं. १९९१ मध्ये बॅल्बस आणि हॉली यांनी दाखवलं की चकतीत अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र असलं तरी प्रवाह अस्थिर होऊन खळबळ माजते आणि संवेग बाहेर जायला वाट मिळते.

या पडण्यातून निघणारी ऊर्जा अफाट असते. हायड्रोजनच्या एकत्रीकरणात वस्तुमानाचा ०.७ टक्का ऊर्जा होतो. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीच्या चकतीत ६ टक्क्यांच्या जवळपास, आणि अतिवेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती ४० टक्क्यांपर्यंत. क्वासार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) एवढे झळाळतात ते या चकत्यांमुळे.

चौकसपंत

दंडवत! म्हणजे सूत्र मिळालं: गिरकी + ऊर्जेची गळती = चकती. आता हेच तांबड्या पेशीला लावता येईल का?

सूक्ष्मदर्शिनी

अजिबात नाही, पंत. रक्ताच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे या चकत्या रोज बघते. त्यांच्या आकाराचा गिरकीशी काडीचा संबंध नाही.

तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद, कडेला दोन-अडीच मायक्रोमीटर जाड आणि मध्ये दोन्ही बाजूंनी दबलेली, तिथे एक मायक्रोमीटरच्या आसपास. पुस्तकात कारण दिलेलं असतं की पृष्ठभाग वाढतो, ऑक्सिजन लवकर आतबाहेर होतो. खोटं नाही, पण माझ्या मते ती अर्धीच गोष्ट आहे. खरी गंमत हिशेबात आहे. पेशीत सुमारे ९० घन मायक्रोमीटर ऐवज असतो. तेवढ्या ऐवजाचा चेंडू केला तर त्याला ९७ चौरस मायक्रोमीटरचं आवरण पुरेल. पेशीकडे असतं १३५ ते १४० च्या घरात. म्हणजे जवळपास ४० टक्के कापड जास्तीचं, ढगळ सदऱ्यासारखं.

हे जास्तीचं कापड कशाला? पेशीचं पटल वाकतं सहज, पण ताणलं जात नाही. क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांनी वाढलं की फाटतं. आता चेंडू हा असा आकार आहे की ठरावीक ऐवजाला कमीत कमी आवरण लागतं. म्हणून गच्च भरलेला चेंडू आवरण न ताणता दाबून लांबट करताच येत नाही. ढगळ पेशीला ते जमतं. ती स्वतःच्या व्यासाहून अरुंद केशवाहिनीतून जाते आणि प्लीहेतल्या एक मायक्रोमीटरहून बारीक फटींतूनही निसटते. १२० दिवस हेच चालतं.

याचा पुरावा आम्हाला एका आजारात दिसतो. आनुवंशिक स्फेरोसायटोसिसमध्ये पटलाखालच्या प्रथिनांच्या जाळीत दोष असतो, पटलाचे तुकडे गळत जातात, कापड कमी पडतं आणि पेशी चेंडू होऊ लागते. ऑक्सिजन वाहून न्यायला ती तशी कमी पडत नाही. हिमोग्लोबिन आत ठासून भरलेलं असतं. पण प्लीहेत अडकते आणि तिथेच मोडीत निघते. रक्तक्षय होतो. अशा रुग्णाची प्लीहा काढली तर पेशी चेंडूसारख्याच राहतात, तरी रक्तक्षय बराच सुधारतो. नाका उठला, गाडी सुटली. आकाराचं काम ऑक्सिजनपेक्षा वाट काढण्याचं जास्त आहे असं मी म्हणते ते यामुळे.

शंकासुर

जास्तीचं कापड आहे हे मान्य. पण ते चुरगळून कसंही पडू शकलं असतं. नेमकी दोन्हीकडून दबलेली चकतीच का?

सूक्ष्मदर्शिनी

कारण पटलाला वाकायलाही थोडी ऊर्जा लागते. १९७० मध्ये कॅनहॅम यांनी हिशेब मांडला की एवढं आवरण आणि एवढा ऐवज दिला, तर वाकवण्याची एकूण ऊर्जा कमीत कमी ठेवणारा आकार हाच दबलेल्या चकतीचा येतो. चुरगळायला तीव्र घड्या लागतात, त्या महाग पडतात. म्हणजे इथेही ‘स्वस्तात काय पडतं’ हाच प्रश्न, फक्त बाजार वेगळा.

आणखी एक. वाहत्या रक्तात, विशेषतः केशवाहिनीत, पेशी चकती राहतच नाही. छत्रीसारखी, सपातेसारखी, बंदुकीच्या गोळीसारखी होते. चकती हा तिचा विश्रांतीचा आकार. पक्षी, बेडूक यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं आणि त्या लंबगोल असतात. उंट सस्तन असूनही त्याच्या पेशी लंबगोल आहेत, केंद्रक मात्र नाही.

झोपाळू

उंटाने तिथेही वाकडंच चालायचं ठरवलं तर.

कण्हेकर

मणक्याच्या चकतीबद्दल कोणी बोलेना, म्हणून पाठीवर हात ठेवून मीच लिहितो. ज्याची दुखते त्यालाच हा विषय पाठ असतो.

मणक्यांमध्ये २३ चकत्या असतात. वरच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये नसते. मध्ये पाण्याने फुगलेला गर आणि भोवती चिवट तंतूंची १५ ते २५ वेष्टणं. एका वेष्टणातले तंतू एका बाजूला तिरपे, पुढच्यातले उलट बाजूला. वजन पडलं की गर बाजूंना पसरू बघतो आणि वेष्टणांत ताण येतो. म्हणजे वरून आलेला दाब कडेच्या तंतूंच्या ताणात बदलतो. पाण्याला दाबता येत नाही आणि तंतूला ताण चालतो, दोघांनी आपापलं काम वाटून घेतलंय.

‘चकती सरकली’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ती सरकत नाही. वरखालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. होतं काय, तर वेष्टणं फाटून किंवा सैल पडून गर बाहेर डोकावतो आणि मज्जातंतूला टेकतो. दिवसभराच्या वजनाने गरातलं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. अंतराळवीरांची उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढते, कारण तिथे पिळणारं वजनच नाही.

यातली वाईट बाजू म्हणजे प्रौढ माणसाच्या या चकतीला जवळजवळ रक्तवाहिन्याच नसतात. पोषण वरखालच्या मणक्यांतून झिरपत येतं तेवढंच. त्यामुळे एकदा बिघडली की दुरुस्ती अगदी सरकारी गतीने.

गिअरबॉक्स

कण्हेकर, तुमचं वर्णन वाचून टायर आठवला. आत हवा, भोवती तिरप्या दोऱ्यांचे उलटसुलट थर. डोळ्यांसमोर असलेली रचना.

अळी_ते_फुलपाखरू

डोळ्यांचा उल्लेख झालाच आहे, तर तिथल्या चकत्या सांगते. जीवशास्त्र शिकते आहे, चूक दिसली तर कान धरा.

अंधुक प्रकाशात दिसायला मदत करणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलात असतात. माणसाच्या प्रत्येक दंडपेशीच्या टोकाला पटलाच्या सुमारे हजार चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश पकडणारं प्रथिन खच्चून भरलेलं असतं. प्रकाशकण एका चकतीतून निसटला तर पुढच्या शेकडो चकत्या वाटेत आहेतच. रिचर्ड यंग यांनी १९६७ मध्ये किरणोत्सारी अमिनो आम्लं वापरून दाखवलं की या चकत्या कायमच्या नसतात. बुडाशी नव्या बनतात, जुन्या वर सरकतात, टोकाच्या गळतात आणि शेजारच्या थरातल्या पेशी त्या गिळून टाकतात. दहा-एक दिवसांत अख्खी चळत बदलते. दंडपेशींची ही गळती मुख्यतः सकाळी होते.

वनस्पतींनीही प्रकाश पकडायला हीच रचना घेतली आहे. हरितलवकात (पानांच्या पेशींतल्या हिरव्या कणांत) थायलाकॉइड नावाच्या पटलाच्या चकत्यांच्या चळती असतात. दोन्हीकडे पटलात बसणारी प्रथिनं खूप हवीत, जागा मात्र थोडी. अशा वेळी चळत हाच उपाय.

आता डोळ्यातलीच पण एकदम उलट चकती. सगळे मज्जातंतू जिथून डोळ्याबाहेर पडतात ती साधारण दीड मिलिमीटर व्यासाची जागा म्हणजे दृक्-चकती. तिथे एकही प्रकाशग्राही पेशी नाही, म्हणून तो अंधबिंदू. १६६० च्या दशकात मारिओटने तो शोधला. इथेच करून बघा:

✚ . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . ●

डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडे एकटक बघा आणि हळूहळू पडद्याजवळ किंवा लांब सरका. अंधबिंदू नजरेच्या मध्यापासून साधारण १५ अंश कानाकडे असतो, त्यामुळे फुली आणि ठिपका यांतलं अंतर १० सेंमी असेल तर डोळा ३७ सेंमीच्या आसपास आला की ठिपका नाहीसा होईल.

शंकासुर

माझा ठिपका जागचा हलत नाही.

अळी_ते_फुलपाखरू

कोणता डोळा झाकलात, काका?

शंकासुर

गायब झाला. पुढे चला.

टेपरेकॉर्डर

साठवणुकीच्या यंत्रांवर बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे माझा प्रतिसाद लांबणार, आधीच सांगतो.

ध्वनिमुद्रणाची सुरुवात चकतीने झाली नाही. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ नळकांड्यावर चालायचा. तांत्रिकदृष्ट्या नळकांडं सरस, कारण सुईखालून खाचेचा वेग शेवटपर्यंत सारखा राहतो. तबकडीत कडेला वेग जास्त, मध्याकडे कमी. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर सुरुवातीला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच जाते, शेवटच्या गाण्याला २१ सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. म्हणून शेवटच्या गाण्यात वरचे सूर फाटल्यासारखे वाटतात. तरी बर्लिनरची १८८७ ची तबकडी जिंकली, कारण सपाट वस्तू साच्याखाली दाबून हजारो प्रती काढता येतात. नळकांड्याच्या प्रती काढणं जिकिरीचं होतं. चकती जिंकली ती कारखान्यात, कानात नव्हे.

सीडीवाल्यांनी वेगाचा प्रश्न मोटारीवर ढकलला. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आत असताना ती मिनिटाला ५०० च्या आसपास फेऱ्या घेते, कडेला येईपर्यंत २०० वर उतरते, म्हणजे लेसरखालून जाणारा वेग सारखाच. मार्गाच्या दोन वळशांत १.६ मायक्रोमीटर अंतर, आणि उलगडला तर एकूण मार्ग पाच किलोमीटरच्या वर. हार्डडिस्कने तिसरा मार्ग धरला. फेऱ्या कायम तेवढ्याच, पण बाहेरच्या लांब वर्तुळांत जास्त माहिती भरायची. त्यामुळे त्याच डिस्कचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने वाचला जातो.

पण मुळात संगणकाने चकती का घेतली? फितीवर हवी ती नोंद गाठायला फीत गुंडाळत बसावं लागतं. फिरत्या दंडगोलावर कुठलीही नोंद पटकन मिळते, पण दंडगोलाचा फक्त बाहेरचा पृष्ठभाग कामाचा, आतली सगळी जागा वाया. चकत्यांची चळत केली की तेवढ्याच जागेत कितीतरी पट पृष्ठभाग मिळतो, आणि वाचणारा हात दोन चकत्यांमध्ये शिरून कुठल्याही वर्तुळावर जाऊ शकतो. १९५६ चं आयबीएमचं रॅमॅक असंच होतं. २४ इंची ५० चकत्या, मिनिटाला १,२०० फेऱ्या, वजन टनभर, क्षमता ५० लाख अक्षरं. आजच्या ७,२०० फेऱ्यांच्या साडेतीन इंची डिस्कच्या कडेचा वेग ताशी १२५ किलोमीटरच्या जवळ जातो आणि वाचणारं टोक पृष्ठभागापासून मोजक्या नॅनोमीटरवर हवेच्या गादीवर तरंगत असतं.

अळीताईंनी चळत सांगितली तेव्हा हेच आठवलं. डोळ्याला प्रथिनं बसवायला पृष्ठभाग हवा, रॅमॅकला अक्षरं बसवायला.

सूक्ष्मदर्शिनी

चळतीवरून: आमच्या पेशीही चळत करतात. रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढली की तांबड्या पेशी नाण्यांसारख्या एकावर एक चिकटतात आणि अशी चळत सुट्या पेशीपेक्षा लवकर खाली बसते. ईएसआर तपासणीत तासाभरात पेशी किती मिलिमीटर खाली गेल्या हेच मोजतात. चेंडूसारख्या किंवा विळ्यासारख्या पेशींना अशी चळत नीट रचता येत नाही, तिथे ईएसआर फसवा कमी येऊ शकतो.

गिअरबॉक्स

आता यंत्रातल्या फिरत्या चकतीवर थोडं.

डिस्क ब्रेकचा पेटंट लँचेस्टरने १९०२ मध्ये घेतला होता, पण नाव झालं १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली तेव्हा. जुन्या ड्रम ब्रेकची अडचण भूमितीत आहे. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे त्याचा व्यास वाढतो आणि तो आतल्या ब्रेक-शूपासून लांब जातो. घाटात उतरताना पेडल खोल खोल जातं ते यामुळेही. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळ येते. शिवाय दोन्ही तोंडं उघडी असल्याने वारा लागतो. तोटा एवढाच की ड्रममध्ये फिरणारं चाक शूला स्वतःच आणखी घट्ट ओढतं, ती मदत डिस्कमध्ये नाही. म्हणून दाबायला जोर जास्त लागतो आणि गाडीत बूस्टर बसवावा लागतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. वेगाने फिरणाऱ्या सारख्या जाडीच्या भरीव चकतीत सर्वांत जास्त ताण मधोमध असतो. तिथे दांडा बसवायला सुईएवढं भोक जरी पाडलं तरी तिथला ताण दुप्पट होतो. भोक लहान आहे म्हणून सूट मिळत नाही. स्वीडनच्या डी लाव्हालने १९ व्या शतकाच्या अखेरीस मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या वाफेच्या टर्बाइन बांधल्या, तेव्हा चकती मध्याशी जाड आणि कडेला पातळ होत जाणारी केली, ताण सगळीकडे सारखा राहावा म्हणून. मोठ्या चकत्यांना मध्ये भोक न पाडता दांडा बाजूंनी जोडला.

चौकसपंत

मंडळी, मी मघाशी सूत्र मांडलं ते सुधारतो. चकत्या दोन प्रकारच्या: फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या. फिरणाऱ्यांचं कारण एक...

शंकासुर

पंत, घाई नको. दीर्घिका फिरते म्हणून तिची चकती झाली. हार्डडिस्क आधी चकती आहे, म्हणून ती फिरवता येते. दोघी फिरतात, पण कार्यकारणभाव बरोबर उलटा आहे. त्यांना एका खणात टाकता येणार नाही.

आणि मॅक्सवेलचं तारांगणींनी सांगितलं ते इथे लावून बघा. शनीच्या चकतीत प्रत्येक तुकडा आपापल्या कक्षेत मोकळा, म्हणून तिला ताण कसला तो नाही. गिअरबॉक्सची चकती एकसंध, म्हणून ताणाने फुटायची भीती. एक फिरून टिकते, दुसरी फिरूनही टिकावी लागते.

तारांगणी

वा! हे मी असं कधी जोडलं नव्हतं. यात भर: शनीच्या कड्यांएवढी घन चकती बनवायची तर कुठलाही ज्ञात पदार्थ तो ताण सोसणार नाही.

चौकसपंत

बरं, मग सिलिकॉनची चकती कुठल्या खणात? चिप तर चौकोनी असतात. गोल चकतीतून चौकोन कापले की कडेचा माल वाया जातो. तरी जगभर ३०० मिलिमीटरच्या गोल चकत्याच का?

टेपरेकॉर्डर

ती मुळात चकती नसून दंडगोलाचा काप आहे. वितळलेल्या सिलिकॉनमध्ये स्फटिकाचं बीज बुडवून ते फिरवत हळूहळू वर ओढतात, त्यावर एकसंध स्फटिक वाढत जातो. चोक्राल्स्कीने ही पद्धत १९१६ मध्ये शोधली, तीही धातूंचं स्फटिकीभवन किती वेगाने होतं ते मोजण्यासाठी. फिरवत ओढल्यामुळे उष्णता सगळीकडे सारखी लागते आणि स्फटिक गोल येतो. पुढे त्यावर प्रकाशसंवेदी द्रवाचा थर द्यायचा तोही चकती गरगर फिरवूनच देतात, आणि तिथे कोपरे असते तर थर कोपऱ्यांपाशी बिघडला असता. म्हणजे जन्माने गोल आणि पुढे गोल असण्याचा फायदा.

गिअरबॉक्स

शंकासुरांसाठी तिसरा खण: फिरता फिरता जन्मलेली, पण कामावर लागल्यावर स्वस्थ बसलेली चकती.

अळी_ते_फुलपाखरू

माझ्या नावाला जागून एक राहिलेली चकती. फळमाशीच्या अळीच्या अंगात पेशींच्या चपट्या पिशव्या असतात, त्यांना इमॅजिनल डिस्क म्हणतात. अळीला त्यांचा काही उपयोग नसतो. एका जोडीतून पुढे पंख होतात, दुसऱ्यांतून पाय, एका जोडीतून डोळे आणि मिशा. पायाच्या चकतीत तर एकात एक वर्तुळाकार घड्या असतात. कोषात गेल्यावर ही चकती दुर्बिणीच्या नळीसारखी लांब होते, मधला भाग पायाचं टोक बनतो आणि कडेचा भाग शरीराला जोडलेला बुडखा. इथे चकती म्हणजे घडी घालून ठेवलेला पाय. ही कुठल्या खणात टाकायची ते शंकासुर काकांनी ठरवावं.

शंकासुर

खण संपले. कपाट नवीन घ्यावं लागेल.

कण्हेकर

अवांतर: टेपरेकॉर्डर, माझ्याकडे जुन्या सीड्यांचा ढीग आहे. पुसायच्या कशा? मी आजवर गोल गोल फिरवून पुसत आलोय.

टेपरेकॉर्डर

गोल नको, मधून कडेकडे सरळ पुसा. माहितीचा मार्ग गोल जातो. कापडाने आडवा ओरखडा पडला तर तो प्रत्येक वळशाला एकदाच छेदतो. तेवढी गाळलेली माहिती सीडीतली चूक-दुरुस्तीची योजना भरून काढते. सलग सुमारे अडीच मिलिमीटर खराब मार्ग तिला पूर्ण सावरता येतो. गोल ओरखडा त्याच वळशाच्या लांबीभर जातो आणि तिथे ती योजना हात टेकते.

आणि जपायचं ते छापील बाजूला. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिकचं कवच आहे, तिथला ओरखडा बहुधा घासून काढता येतो. माहितीचा धातूचा थर मात्र छापील बाजूला अगदी वर, पातळ लाखेखाली असतो. तिथे टोकदार पेनने लिहिलंत तर गेली. कागदी लेबलंही चिकटवू नका, तोल जाऊन चकती थरथरते, आणि काढायला गेलात तर थर सोबत निघतो. घरी लिहिलेल्या सीड्या असतील तर आधी त्यांच्या प्रती काढा, त्यातला रंगद्रव्याचा थर उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो.